काठाची चवळी

"काठाची चवळी खायची न्हाय, पोरी. ती आपल्यासाठी न्हाय. ज्यांची हाय त्यांना खाऊ दे. त्यांचं पोट तिथं भरलं की तुझ्या पावट्याकडं कुणी वळून बगत न्हाय."

लक्ष्मीबाईंना जाऊन तीन वर्षं होत आली होती, पण त्यांचा हा आवाज जगदेवीबाईंच्या कानात रोज सकाळी ठरल्या वेळी उमटायचा. अंघोळ, देवापुढे दिवा, तुळशीला पाणी आणि मग तांब्यात उरलेलं पाणी घेऊन परसात एक फेरी. नेम म्हणजे नेम. सासूबाई गेल्या म्हणून त्यांचा शब्द थोडाच जातो?

परस होतं दोन गुंठ्यांचं. येरमाळ्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. भावाभावांत वाटण्या होता होता एवढंच वाट्याला उरलं होतं. पण त्या दोन गुंठ्यांत काय नव्हतं? वांग्याच्या दोन रोपांमध्ये झेंडू, झेंडूच्या पायाशी कोथिंबीर, कांदा-लसणाच्या ओळीला खेटून गाजर, तुरीच्या ओळीत हरभरा, मधल्या मोकळ्या जागेत मेथी आणि मक्याच्या ताटांवर चढून पुढे मांडवावर पसरलेला पावटा. कोण कुणाशेजारी सुखानं नांदेल याची लक्ष्मीबाईंना एखाद्या सोयरिकी जुळवणाऱ्या बाईसारखी जाण होती. आणि या सगळ्या गोतावळ्याभोवती चारी बाजूंनी चवळीचा काठ. त्या चवळीवर काळा मावा इतका बसायचा, की शेंडा हिरवा होता हे सांगावं लागावं. तो मावा खायला पाठीवर ठिपके असलेले लाल किडे यायचे. आतला पावटा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ.

आणि या घरात पावट्याचं मोल मोठं होतं. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी अवघा मुलूख रानात जेवतो. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे आणि भज्जी-आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. रानातल्या नऊ जिनसा बेसनात आणि चिंचेच्या कोळात रटरटवून केलेली भाजी ती. लक्ष्मीबाईंनी शेवटच्या आजारात सुनेचा हात धरून सांगितलं होतं, "दोन गुंठे का असंनात, भज्जी आपल्या मातीतली पायजे. इकत आणलेली शेंग पांडवापुढं जाऊ द्यायची न्हाय." जगदेवीबाईंनी "व्हय आत्याबाई" म्हटलं होतं. दोन येळवशी त्यांनी तो शब्द पाळला होता. तिसऱ्या येळवशीच्या आधी त्यांचे यजमान निवृत्त होऊन घरी आले.

विरुपाक्षअप्पा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं त्यांनी माणसं बसवली, उठवली, पुढे सरकवली आणि उतरवली. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांनी विश्रांती घेतली. सोळाव्या दिवशी ते परसदारी उभे राहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, ही काय पुनवेची तुळजापूर गाडी हाय का? कुणीबी कुटंबी उभं ऱ्हायलंय!"

"पिकत्यात की तशीच," जगदेवीबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. रागावल्या की तो आणखी खाली जायचा, आणि अगदी ऐकू येईनासा झाला की घरातली माणसं घाबरायची.

"पिकत्यात, पर शिस्त कुटं हाय? मेथीला सीट न्हाय, मधल्या वाटंत उभी हाय. आन ती पावट्याची येल बग. हद्द सोडून शेजारच्या सकिनाबीच्या पत्र्यावर चालली. परमिट हाय का तिला त्या रूटचं?"

त्यांनी संध्याकाळपर्यंत एका पुठ्ठ्यावर नकाशा काढला. दोन-दोनच्या रांगा, मधे वाट, प्रत्येक रोपाला नंबर. पुठ्ठा खांबाला टांगला. वांगी एक ते बारा, मिरची तेरा ते अठरा. वेल मागे ओढायला शिडीवर चढले, पण सकिनाबींचा पत्रा उंच. गुडघा कुरकुरला तसे खाली उतरले आणि नकाशावर त्या जागी "चौकशी चालू" असं लिहिलं.

उरला चवळीचा काठ. त्याभोवती ते दोनदा फिरले, चष्मा लावून शेंडे पाहिले आणि त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला.

"हे बसलेत ते कोण?"

"मावा हाय."

"हे काय पिकवत्यात?"

"काय न्हाय. खात्यात."

"म्हंजी फुकट!" अप्पांनी नकाशावर काठाच्या चारी रेघांवर लाल पेनानं लिहिलं: विनातिकीट.

जगदेवीबाईंनी सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. अप्पा "बरं बरं" म्हणाले. बत्तीस वर्षं ते प्रवाशांच्या तक्रारींना असंच "बरं बरं" म्हणत आले होते.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार उजाडला. जगदेवीबाईंचा या महिन्यातल्या गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन पाळायचा नेम होता. घट मांडून, पूजा करून त्या स्वयंपाकघरात ज्वारीचं पीठ चाळत बसल्या होत्या. परसातून कसला तरी उपटल्याचा आवाज आला म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर अप्पांच्या हातात चवळीची जुडी!

"उतरवतोय यांना!" अप्पा तिथूनच ओरडले. "तुजं काय म्हननं हाय?"

जगदेवीबाईंचं म्हणणं पुष्कळ होतं, पण ते दिवेलागणीला. त्यांनी दोन्ही हात हलवले. अप्पांनीही आनंदानं हात हलवला. जगदेवीबाईंनी डोक्याला हात लावला. अप्पा म्हणाले, "डोकं दुखतंय? मग पड जरा, म्या हाय हितं." शेवटी बाईंनी पितळेचं ताट उचलून त्यावर डाव आपटला. ठण्ण, ठण्ण.

अप्पांचे डोळे चमकले. आयुष्यभर त्यांनी एक टोला दिला की गाडी थांबत आणि दोन दिले की सुटत आली होती. "डबल बेल! शाब्बास!" म्हणत त्यांनी दुसरा काठ उपटायला घेतला.

जगदेवीबाई धावत परसात येईपर्यंत चारही काठ मोकळे झाले होते. एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण फुकट काही जाऊ द्यायचं नाही हाही अप्पांचा बाणा. उपटलेली चवळी त्यांनी पावट्याच्या मांडवाखाली गादीसारखी अंथरून ठेवली होती. "वल टिकंल," ते म्हणाले.

दिवेलागण झाली. जगदेवीबाईंनी आरती केली, कहाणी वाचली, प्रसाद वाटला आणि मग नवऱ्यापुढे येऊन इतक्या हळू आवाजात बोलल्या, की अप्पांना कानाला हात लावून वाकावं लागलं.

"त्यांना तुमी खाली उतरवलं न्हाय. दुसऱ्या गाडीत बसवलं."

चार दिवसांत ते खरं झालं. वाळत चाललेल्या चवळीवरून मावा उठला आणि मक्याच्या ताटांच्या शिडीनं शिस्तीत पावट्यावर चढला. आठव्या दिवशी पावट्याचे तुरे काळे झाले. खाणारे लाल किडे मात्र काठाबरोबरच गाव सोडून गेले होते.

अप्पांनी बलभीमला बोलावलं. बलभीम म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. दोघांनी बारा वर्षं एका गाडीवर काढलेली, त्यामुळे गाडी खड्ड्यात गेली की चूक दुसऱ्याची असते याबद्दल दोघांची खात्री होती.

"कंडक्टर, आदी मला इचारायचं व्हतं," बलभीम म्हणाला. "मोबाईलवर बगितलंय म्या. जीवामृत म्हनत्यात त्याला. गूळ, बेसन आन आनखी दोन जिनसा. सगळी कीड खलास."

"त्या दोन कंच्या?"

"तेवढ्यात बॅटरी उतरली. पर मुद्द्याचं गूळ-बेसनच असनार. तूच सांग, त्याबिगर काय चांगलं व्हतं का?"

त्या दोन जिनसा शेण आणि गोमूत्र होत्या, आणि ते पाणी कीड मारायला नव्हे, मातीत जीव आणायला असतं, हे आळीतल्या शाळकरी पोरीनंही सांगितलं असतं. पण या जोडीनं रस्त्यात उतरून कधी कुणाला वाट विचारलेली नव्हती. बादलीभर गूळ-बेसन कालवलं, गाळलं आणि मांडवावर यथासांग शिंपडलं. जगदेवीबाई पोथी वाचून बाहेर आल्या तर परसात धिरड्याचा वास सुटला होता.

संध्याकाळपर्यंत मुंगळ्यांना खबर पोहोचली. कुठून कुठून रांगा आल्या. गूळ खाल्ला, तरी जायचं नाव घेईनात. माव्याच्या अंगातून गोड रस पाझरतो हे त्यांना ठाऊक होतं, तो चाटत त्यांनी मुक्काम ठोकला. एखादा चुकला-माकला लाल किडा परत आलाच, तर मुंगळे त्याला चावून हाकलून देत.

"आता माव्याला राखनदार मिळाले," बलभीम कौतुकानं म्हणाला.

"तू गप. तुज्यामुळं झालं."

"माज्यामुळं? घंटी कुनी दिली? म्या गाडी घंटीबिगर हालवत न्हाय."

भिंतीपलीकडून हे सगळं सकिनाबी ऐकत होत्या. लक्ष्मीबाईंच्या त्या तीस वर्षांपासूनच्या शेजारीण. चार शेळ्या आणि वीसेक कोंबड्या होत्या त्यांच्याकडे. "अप्पा," त्यांनी हाक दिली, "मुंगळ्याला कोंबडीच बरी. धा मिंटं सोडते, साफ करून जातील. पर तुमी तिथंच हुबं ऱ्हावा हां. धा मिंटं म्हंजे धा मिंटं."

अप्पांनी कोंबड्यांना दारात उभं राहून आत घेतलं, "चला, चला, फुडं सरका" असं म्हणत. कोंबड्या पुढे सरकल्या. नेमकी त्याच वेळी बलभीमनं एका जुन्या घाटातल्या ब्रेकफेलची गोष्ट काढली. ती गोष्ट दहा मिनिटांत संपणारी नव्हती. आजवर कधी संपली नव्हती. दोघं ओट्यावर बसून घाट उतरेपर्यंत इकडे कोंबड्यांनी मुंगळे थोडे खाल्ले आणि माती पुष्कळ उकरली. कोथिंबीर गेली. मेथीच्या वाफ्यात दोन मुठी कशाबशा राहिल्या. एक कोंबडी नकाशाखाली सीट नंबर एकवर डोळे मिटून बसली होती.

जगदेवीबाईंनी कोंबड्या हाकलल्या, उरलेल्या मेथीभोवती काट्या रोवल्या आणि पाय धुऊन देवापुढे बसल्या. आवाज पार बंद झाला होता आणि तो दिवस गुरुवार नव्हता.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी भज्जीच्या जिनसा सुपात मांडल्या. तुरीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, लसणाची पात, वांगं, गाजर, हिरवी मिरची. आठ. नववी जागा मोकळी. मांडवावर पावट्याच्या शेंगा होत्या, पण वाकड्या, चिकट आणि आत दाण्याच्या नावानं नुसतं टरफलाला टरफल चिकटलेलं.

अप्पा दारात उभे होते. त्यांनी पाहिलं, की बायकोनं लक्ष्मीबाईंच्या तसबिरीपुढे सूप ठेवलं आणि नुसते हात जोडले. "आत्याबाई," त्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत जेमतेम पोचेल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "अवंदा शब्द मोडतोय."

यजमानांचं नाव नाही, गाऱ्हाणं नाही. चूक जणू एकट्या त्यांचीच. बत्तीस वर्षांत अप्पांनी कुणाला अर्ध्या रस्त्यात उतरवलं नव्हतं, आणि इथं आपल्याच माणसाला... ते मागच्या पावली परसात गेले, येडाईच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले आणि पुटपुटले, "आई येडेश्वरी, हिचा शब्द ऱ्हाऊ दे. म्या माज्या आईचा काठ परत भरीन. आन जन्मात उपटनार न्हाय."

मग देवीला विचार करायला वेळ न देता ते स्वतःच येरमाळ्याच्या बाजारात गेले आणि पिशवीभर पावटा घेऊन आले.

येळवशीच्या पहाटे, तांबडं फुटायच्या आत, अप्पा मांडवाखाली स्टुलावर उभे होते. तोंडात पांढऱ्या दोऱ्याची रीळ, गळ्यात पिशवी. एकेक शेंग ते वेलाला बांधत होते. गाठ नीट, दोन शेंगांत अंतर सारखं. कामात हयगय त्यांच्या स्वभावातच नव्हती. बावीस शेंगा झाल्या तेव्हा भिंतीवरून आवाज आला.

"अप्पा, पावट्याचं लगीन हाय का आज? मुंडावळ्या बांधायलाव!"

सकिनाबी शेळ्यांना पाला टाकायला उठल्या होत्या. अप्पांनी तोंडावर बोट ठेवलं. पण तोवर मागे बांगड्या वाजल्या होत्या. जगदेवीबाई तुळशीला पाणी घालून, तांब्या घेऊन नेमाच्या फेरीला आल्या होत्या. त्यांनी वेलाकडे पाहिलं. त्यांचा पावटा पांढऱ्या शेंगेचा. वेलावर लटकत होत्या त्या जांभळ्या काठाच्या, हातभर अंतरावर एकेक, परेडला उभ्या राहिल्यासारख्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "ह्या कंच्या स्टॉपवर चढल्या?"

अप्पांच्या तोंडातली रीळ खाली पडली. "येरमाळ्याला."

"तिकीट हाय त्यांच्याकडं?"

"न्हाय," अप्पा मान खाली घालून म्हणाले.

"मग उतरवा."

त्यात राग नव्हता. उलट आठ दिवसांत पहिल्यांदाच आवाज नीट ऐकू आला होता. जगदेवीबाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि ते पाहून सकिनाबी भिंतीपलीकडे खळखळून हसत सुटल्या. हसता हसता एकदम थांबल्या.

"या अल्ला! भाबी, पावट्यासाठी चाललंय व्हय हे सगळं? आवं, मग माझ्या पत्र्यावर काय हाय ते तरी बगा की!"

"तुमच्या पत्र्यावर?"

"तुमची ती येल! अप्पानं चौकशी लावलेली. सगळा पत्रा झाकलाय तिनं. शेंगांनी वाकलीय नुसती. म्या हात न्हाय लावला, तुमची अमानत हाय म्हनून. शेळ्यांनासुद्धा चढू दिलं न्हाय."

"पर मावा..."

"मावा कशाला येतोय? तुमच्या सासूबाईंनी मला बी मूठभर चवळी दिलेली. 'सकिना, कुंपनाला लाव आन इसरून जा,' म्हनल्या. म्या इसरून गेले. तिथं बगा, काळी झालीय नुसती. वरती येकबी न्हाय."

दोघांनी भिंतीवरून वाकून पाहिलं. सकिनाबींच्या कुंपणाच्या चवळीवर मावा मजेत बसला होता आणि त्याच्यात ठिपक्यांचे लाल किडे फिरत होते. अप्पांनी बराच वेळ पाहिलं.

जगदेवीबाई मात्र अजून घुटमळत होत्या. "पर पत्रा तुमचा, सकिनाबी. शब्द आपल्या मातीचा दिलाय म्या."

"मूळ कुटं हाय तिचं?"

"आमच्या वाफ्यात."

"मग झालं की! पत्र्यानं काय दूध पाजलं तिला? मी फकस्त बसायला जागा दिली."

जगदेवीबाईंनी डोळे मिटले, तसबिरीतल्या चेहऱ्याला मनातल्या मनात विचारलं आणि मान हलवली. चालतंय.

पत्र्यावर चढायला अप्पाच पुढे झाले. गुडघ्याची तक्रार त्यांनी ऐकून घेतली नाही. बलभीमला बोलावलं, त्यानं खालून शिडी धरली आणि सवयीनं सूचना द्यायला लागला, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं काप, आनखी डावीकडं..."

अप्पा डावीकडे सरकले. पुढच्या पावलावर पत्रा संपत होता. शेंगांच्या नादात त्यांना ते दिसलं नाही. बलभीमला दिसलं, पण त्याचा पाय आधी ब्रेक शोधायला गेला. जगदेवीबाईंनी हातातल्या तांब्यावर अंगठी आपटली. एकच टोला. ठण्ण.

अप्पा जागच्या जागी थांबले. पायाखालचा पत्रा पाहिला, मग खाली बायकोकडे पाहिलं. ते मागे सरले आणि ओटीत भरलेल्या पांढऱ्याशुभ्र शेंगा सांभाळत उतरले. सूप पुरं झालं. नऊ.

दोन गुंठ्यांतली कोप ती केवढी असणार! बलभीमचे पाय बाहेरच राहिले. पण पांडव मांडले, भज्जी-आंबिलीचा नैवेद्य झाला, बाजरीचे उंडे वाढले गेले, आणि सकिनाबी दर वर्षीसारख्या स्वतःचं ताट घेऊन आल्या. त्यांनी तिसऱ्यांदा भज्जी घेतली. "पत्र्याची चव उतरलीय," त्या म्हणाल्या. बाजारातल्या जांभळ्या शेंगा शेळ्यांनी खाल्ल्या. कुणाला वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवीबाई तुळशीला पाणी घालून वळल्या तर खांबावरच्या पुठ्ठ्याशी अप्पा पाठमोरे उभे होते. हातात पेन होतं. ते गेल्यावर त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. काठाच्या चारी रेघांवरचं "विनातिकीट" खोडलं होतं. त्याच्यावर नीट, गाडीच्या पहिल्या सीटवर असतं तशा ठळक अक्षरांत लिहिलं होतं: राखीव.

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. अप्पांनी खुंटीवरची आपली जुनी चामड्याची कंडक्टर बॅग काढून खांद्याला अडकवली होती. कुठं जातो ते एरवी चार घरांना ऐकू जाईल असं सांगूनच ते उंबरा ओलांडायचे. आज बॅगेतली धूळ त्यांनी दोनदा झटकली, मूठभर चवळी मावेल एवढी जागा झाली का ते आत हात घालून पाहिलं, आणि चपलांचा आवाज न करता सकिनाबींच्या दाराकडे चालू लागले.